मागची चार बटणं

आमच्या ह्यांनी जर्मन गाडी घेतली तेव्हा गाडीला आठ वर्षं झाली होती आणि आमच्या लग्नाला सोळा. दोघींत लाड कुणाचे जास्त व्हायचे हे सांगायला नको. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली गाडी ती, पण दारात आली त्या दिवसापासून ह्यांची चाल बदलली. ठिबकच्या पाइपांची एजन्सी चालवणारा हा माणूस पूर्वी नातेपुत्याला जाताना चहासाठी कुठंही टेकायचा. आता आधी सावली शोधायचा, स्वतःसाठी नव्हे, गाडीसाठी. कुणाचं बोट लागलं तरी खिशातून रुमाल निघायचा.

माझे वडील डेंटर. आप्पांनी सात रस्ता चौकाच्या मागे, घराला लागूनच असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं लोकांच्या चेपलेल्या गाड्या सरळ केल्या. ठोकायचं, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, वरून रंग. त्या लांबीच्या वासात बसून मी अभ्यास केला आणि मास्तरीण झाले. ह्यांना सगळं माहीत होतं, पण चारचौघांत 'सासऱ्यांचं छोटं गॅरेज आहे' एवढंच म्हणायचे, तेही घाईघाईत. सोळा वर्षांत आमच्या चार गाड्या झाल्या, एकीचाही पोचा आप्पांकडे गेला नाही. आप्पा त्यावर कधी बोलले नाहीत. आमच्याकडे आले की आत येण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे, दुसऱ्या कुणी केलेल्या कामावरून अंगठा फिरवायचे आणि चहा मागायचे. मला भयंकर राग यायचा. ह्यांचा जास्त की आप्पांच्या गप्प बसण्याचा, ते ठरत नव्हतं.

एका रविवारी सात रस्त्याला मी गाडी मागे घेत होते. गाडी कुईंकुईं ओरडत होती, पण ती पट्टा लावला नाही तरी ओरडते, दार नीट लागलं नाही तरी ओरडते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती जाऊन उसाच्या रसाच्या गाड्याला टेकली. वेग म्हणाल तर म्हैस वळते तेवढा. त्याच्या लोखंडी चाकावर ओरखडासुद्धा नव्हता. उलट रसवाल्यानंच मला बसवून ग्लासभर रस पाजला, कारण आमचा मागचा बंपर फाटून लोंबत होता.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवले. उत्तर आलं, एक लाख ऐंशी हजार. तिथे म्हणे दुरुस्त काही करत नाहीत, बदलतात. बंपर, बंपरच्या आतला आणखी एक बंपर, रंग आणि नुसतं 'तपासून बघण्याचे' सात हजार वेगळे. फुल विमा महाग पडतो म्हणून ह्यांनी गुपचूप थर्ड पार्टीवर भागवलं होतं, हेही त्याच दिवशी बाहेर पडलं. त्यामुळे माझ्यावर ओरडायची त्यांची सोय गेली. दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलला. तिसऱ्या दिवशी हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मामांना जमेल का गं?"

आप्पा गाडी न्यायला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. चार दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. गरम पाणी ओतून बंपर आतून बाहेर ढकलला, चिरा सांधल्या, लांबी भरून घासत बसले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "बंपरला चार काळी बटणं हायत गं. दोन फुटल्यात. पाव्हण्यास्नी विचारू का?"

जावयाला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं. ते त्यांना किती जड जात होतं हे मला फोनवरही कळलं. समोर सहावी 'ब'च्या वह्यांचा ढीग होता. मी म्हटलं, "काही विचारू नका. मागच्या बाजूनं बटणं दाबायला कोण येणार आहे? काढा आणि बुजवा."

गाडी आली ती आरशासारखी. ह्यांनी तळवा फिरवून जोड शोधला, सापडला नाही. पैशांचं विचारल्यावर आप्पा चिडले. काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची त्यांची पद्धत, म्हणून पिशवीतून ती चार बटणं त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती शिलाईच्या डब्यात टाकली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता, पण जुन्या गाडीत एखादा दिवा असायचाच. त्या संध्याकाळी हे फोनवर मित्राला सांगत होते, "सासऱ्यांनी केलं. हो, माझ्याच सासऱ्यांनी." मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आनंदानं.

पुढच्या रविवारी आम्ही आप्पांकडे जेवायला गेलो. निघताना हे गाडी मागे घेऊ लागले. कुईंकुईं होत नाही म्हणजे रस्ता मोकळा, अशा भरवशानं त्यांनी गाडी थेट पाण्याच्या हौदाला धडकवली. उतरून मागे आले, उकिडवे बसले, बंपरवर बोटं फिरवू लागले.

"मामा, इथं सेन्सर होते. मागं काही आलं की गाडीला सांगतात ते. तुम्ही बुजवले?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं माजं, पाव्हणं. मला ठावं न्हवतं."

"तरी मी म्हणतच होतो," हे पुटपुटले. त्या एवढ्याशा वाक्यात सोळा वर्षं होती. आप्पांची मान खाली गेली.

वर्गात फळ्यावर कुणी रेघोट्या मारल्या हे कबूल होईपर्यंत पोरांना उभं करणारी मी, चांगली गप्प राहिले. मग स्वतःचीच शिसारी आली.

"मी सांगितलं बुजवायला," मी म्हटलं. "ते तुम्हाला विचारणार होते. मी नको म्हटलं."

"तू गप," आप्पा माझ्यावरच खेकसले, आणि विषय बदलायला म्हणून बंपरशी वाकले. बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग सरळ झाले तेव्हा आवाज बदलला होता. "पाव्हणं, हितं बगा. मी भरलेलं हाय तितं काय झालं न्हाय. फुटलंय ते कंपनीचं."

हे वाकले. खरंच, नवी चीर आप्पांच्या कामाला वळसा घालून गेली होती. आधी ह्यांच्या नाकातून हसू आलं, मग आवरेना.

ती चीर आप्पांनीच सांधली. पुण्याहून नवे सेन्सर मागवायचे राहिलेत. बटणं अजून शिलाईच्या डब्यात आहेत. आता रविवारी निघताना आप्पा गाडीच्या मागे उभे राहतात, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत हात हलवतात आणि जागा संपली की लांबीनं माखलेल्या तळव्यानं डिकीवर दोन थापा मारतात. हे काच खाली करून त्या थापांची वाट बघत बसतात. रुमाल खिशातच असतो.