पाणी बराबर येतंय

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तशी माझी बडबड दिवसभर चालूच असते – वारंगा फाट्यावर गॅरेज आहे माझं, कुणालाही विचारा – पण ही एक गोष्ट कधी तोंडातून निघाली नाही. तुम्हाला काहून सांगतोय? माहीत नाही. कुणी मला भला माणूस म्हणलं की हल्ली किळस येते. त्याची नाही – माझी.

सुनंदाबाई फाट्याजवळच्याच एका गावच्या. नर्स. घरात गाडी आली तेव्हा नवऱ्याआधी त्याच चालवायला शिकल्या, आणि शिकायला लावलं कुणी, तर सासूनं. म्हातारीचे गुडघे गेलेले. दवाखान्यात जाताना ती पुढच्या सीटवर बसायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की काच खाली करून ओरडायची, "माझी सून हाय! पायलं का?" मला दोघींचा राग यायचा. माझं काय जात होतं? काही नाही. तरी यायचा. इतका हलका माणूस मी.

त्या उन्हाळ्यात सुनंदाबाई गाडी घेऊन आल्या. समोरच्या काचेवर पाणी उडत नव्हतं.

"टाकी भरलेली हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "बटन दाबलं की मोटरचा आवाज बी येतो. पाईप निसटला असंल कुठंतरी."

बरोबर होतं ते. अगदी बरोबर. मोटर फिरते, टाकीत पाणी आहे आणि काचेवर थेंब नाही – तर मग एक तर तोंडाशी कचरा, नाही तर मधे पाईप गेलेला. आणि बंपरखाली माती ओली झालेली मला दिसत होती. पण बाईनं मला सांगावं? माझ्याच गॅरेजात? मी हसलो. टाचणी घेतली, बॉनेटवरची दोन्ही भोकं टोकरली, बटन दाबलं. एक बारीक पिचकारी उडाली. "झालं, बाई. धूळ बसली व्हती." वाकून खाली पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं – पाहिलं असतं तर तिचं म्हणणं खरं निघालं असतं ना?

रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा. टँकरनं पाणी मारलेलं, वर मुरूम. दुसऱ्याच दिवशी त्या सासूला घेऊन दवाखान्यात निघाल्या, आणि पुढच्या ट्रकनं चिखलाचा फवारा त्यांच्या काचेवर उडवला. वायपर फिरला आणि त्यानं तो चिखल नीट सारवून ठेवला. पाणी आलं नाही. गाडी पुलाच्या कडेवरून खाली चारीत गेली. सुनंदाबाईंना खरचटलं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. मागोमाग सुनंदाबाई, त्यांचा नवरा आणि दीर. मी बॉनेट उघडलं – पाईप बिजागरीपाशी चिरून लोंबत होता. ते तिघं रस्त्याच्या कडेला बोलत उभे. मी काय केलं असेल? चिरलेला तुकडा कापला, पाईप दाबून बसवला, वर काळी टेप गुंडाळली, बॉनेट खाली केलं. मग नवऱ्याला हाक मारली. "दाबा बटन." तडा गेलेल्या काचेवर दोन धारा आल्या. चांगल्या, सरळ.

"पाणी तर बराबर येतंय," मी म्हणालो. "घाबरून दाबलंच नसंल बाईनं."

"दाबलं व्हतं," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी दाबूनच राहिले व्हते."

"आई बी तेच म्हणती," नवरा चाचरत म्हणाला.

"म्हातारीला बटनातलं काय कळतंय?" – हे मी म्हणालो. हसून. आणि दीरही हसला. त्या हसण्यात सगळं मिटलं. नवऱ्यानं बायकोकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी शेजारी उभा राहून पाहिली. मला बरं वाटलं – लपवत नाही – सुटलो म्हणून बरं वाटलं.

त्यानंतर सुनंदाबाईंनी स्टेअरिंगला हात लावला नाही. गावात म्हणायचे, सुनेनं सासूला लंगडं केलं. मीही म्हणायचो. कुणी विषय काढला की सगळ्यात आधी मीच.

पुढच्या वर्षी त्यांच्या विहिरीवरची मोटर बघायला घरी गेलो. म्हातारी ओसरीत बाजेवर. उठता येत नव्हतं. मला जवळ बोलावलं.

"बाबा, गाडी तूच पायली व्हती ना? खरं सांग. पाणी येत न्हवतं ना रे?"

आवाजात राग नव्हता. ती फक्त सुनेसाठी विचारत होती. घरात दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं – फक्त आत स्वयंपाकघरात सुनंदाबाई, आणि त्यांच्या हातातल्या भांड्यांचा आवाज एकदम थांबलेला. एवढं सोपं करून दिलं होतं तिनं. मान हलवली असती तरी पुरे होतं.

"येत व्हतं, माय," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला होता तो सोडला. थोड्या वेळानं सुनंदाबाई बाहेर आल्या, मला चहा दिला, आणि सासूला कुशीवर वळवू लागल्या. मी तो चहा सगळा प्यालो.