पॉवर हाऊसचं लॉगबुक

आम्ही जुने सोबती बसलो की चहा गार होतो आणि किस्से सुरू होतात. अकोल्याच्या पॉवर हाऊसचे किस्से म्हणजे इंजिनाची काजळी. कितीही पुसा, हाताला लागतेच! साठ सालच्या आसपास मी तिथे स्टोअरमध्ये कारकून होतो.

लॉगबुक म्हणजे इंजिनाला काय झालं ते लिहायची वही. आमचे ऑपरेटर नामदेवराव त्यात चक्क पत्र लिहायचे. "साहेबांस सा. न. वि. वि. दोन नंबरच्या इंजिनाची तब्येत सकाळपासून बरी नाही. बाकी क्षेम." पुण्याहून नवे साहेब आले, त्यांनी हे वाचून कपाळावर हात मारला. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर हुकूम लागला: आधी वेळ, मग इंजिन, मग दर्जा, मग मजकूर. एकच ओळ. दर्जा एक म्हणजे साहेबांना धावत बोलवा, चार म्हणजे सगळं सुरळीत. तोंडी निरोप बंद!

* * *

नामदेवराव सगळ्यालाच एक द्यायचे. पट्टा तुटला, एक. खिडकीत कावळ्यानं घरटं केलं, एक! साहेब धापा टाकत आले.

"अहो, कावळ्याला एक?"

"उद्या काडी मशीनमंदी पडन साहेब, मंग धावून काय फायदा?"

* * *

गुलाबरावचं उलटं. टेम्पररी ऑपरेटर, बिचारा भीत भीत लिहायचा. "११.४०. इंजिन दोन. दर्जा चार. बंद पडलं."

"बंद पडलं आणि चार?" साहेब ओरडले.

"बंदच पडलं ना साहेब! आता कायचा धोका?"

"आणखी एक चूक, आणि परमनंट व्हायचं विसरा!"

घरी खाणारी सहा तोंडं. आठवडाभर त्याला डबा गोड लागला नाही, आणि आम्हालाही.

* * *

मग एका दुपारी साहेबांच्या बाईसाहेब बाळंतपणाला दवाखान्यात, आणि साहेब इथे दोन नंबरच्या इंजिनाखाली. चार्ज परमनंट माणसाकडेच द्यायचा हा त्यांचाच नियम, आणि पाळीवर एकटा गुलाबराव. साहेबांना दवाखान्यात जाता येईना.

जठारपेठेतून त्यांचा शेजारी सायकलवर निरोप घेऊन आला. गुलाबरावनं घाम पुसला, वही ओढली आणि लिहिलं: "४.१०. इंजिन नाही. दर्जा चार. मुलगी झाली. दोघी सुरळीत."

पाचला साहेबांनी वही उघडली. "गुलाबराव! याला चार?"

"सारं सुरळीत हाये म्हणून देल्ला, साहेब. चुकलं काय?" त्याचा आवाज रडवेला झाला.

साहेबांनी लाल पेन काढलं, चाराचा एक केला. खाली एक ओळ लिहिली, टोपी तिथेच टाकून सायकलवर टांग मारली. आम्ही वहीवर वाकलो.

"५.०५. इंजिन दोन. दर्जा चार. चार्ज गुलाबरावांकडे."