वल्ह्याला लावलेला कान

इब्राहिम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजात, मुलाच्या घरी, दाढी करत होतो. फोन नातवाने घेतला आणि दारातूनच इंग्लिशमध्ये बातमी सांगितली, हवामानाची सांगावी तशी. उरलेली अर्धी दाढी त्या दिवशी तशीच राहिली... पुढच्या आठवड्यात अजमानला इथल्या कोकणी मंडळाने शोकसभा घेतली. एका वक्त्याने त्याला ‘दर्यासारंग’ म्हटलं, दुसऱ्याने ‘सागरपुत्र’. व्यासपीठावरच्या फोटोत इब्राहिमने कोट घातला होता; तो बहुधा फोटोग्राफरचा असावा. या सागरपुत्राने मुंबईहून इकडे येताना बोटीवरचा सगळा प्रवास बादली मांडीत घेऊन केला होता, हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं. तो समुद्राचा नव्हताच. तो खाडीचा माणूस होता.

आम्ही दोघे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे. साठच्या दशकात अजमानच्या एका व्यापाऱ्याकडे तो गोदाम सांभाळायचा आणि मी पत्रव्यवहार. फावल्या वेळात पुस्तकं वाचतो म्हणून तो मला ‘मास्तर’ म्हणे, आणि त्यात आदर फारसा नसे. सामानासोबत त्याने गावाहून एक वल्हं आणलं होतं. हिवाळा सरला की मासे उथळ पाण्यात, तिवरांच्या मुळांशी अंडी घालायला येतात. तेव्हा तो वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावी. ढोमी मासळी पाण्याखाली टरटरते. आमच्याकडचे जुने लोक ती अशीच शोधत. मी कित्येकदा कान लावून पाहिला. मला फक्त लाकूड ऐकू आलं.

एका वर्षी त्याच सुमाराला त्याची बायको, झुबेदाभाभी, नुकत्या इकडे आल्या आणि आल्या आल्या विषमज्वराने पडल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. पेज तोंडाशी नेली की मान फिरवत. डॉक्टर म्हणाला, पोटात काही गेलं नाही तर माझी औषधं फुकट आहेत. एका सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, “ढोमीचं कालवण असतं तर...” इब्राहिम तसाच उठला. “मास्तर, चल. यल्ला!”

अजमानच्या खाडीला खोर म्हणतात. ओहोटी लागलेली असतानाच आम्ही मागून आणलेल्या होडीने आत आत शिरलो आणि भर दुपारी होडी चिखलात रुतली. इब्राहिम निर्धास्त. “आज चांदाची आठ. असरपर्यंत पाणी परत येतं.” येतं, आमच्या खाडीत! लहानपणापासून तोंडपाठ असलेला तो हिशेब त्याने जसाच्या तसा परक्या पाण्याला लावला होता. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ टळली. चिखल तसाच चमकत राहिला. उत्तरेचा वारा सुटला, बाटलीतलं पाणी संपलं. मी पाय बाहेर टाकला तो मांडीपर्यंत आत गेला. त्याने मला काखेत धरून ओढून घेतलं आणि शिवी दिली.

“तुझा चांद कुठे गेला?” मी विचारलं.

“चांद तोच आहे रे. पाणीच दुसरं आहे...” त्याचा आवाज चिरका झाला होता. मग म्हणाला, “शेजारीण बसली असेल ना तिच्यापाशी?”

मी हो म्हणालो. मला तरी काय माहीत?

होडीच्या नाकापुढे एक अरुंद ओहोळ तेवढा उरला होता. त्यात वल्हं रोवून तो कान लावून बसला. ऊन कललं, तरी हलला नाही. एवढ्या वेळात तो बोलला एकदाच, तेही स्वतःशी. “मी तिला इथे आणायलाच नको होतं.” मला कुठे पाहावं कळेना. मी वाऱ्याने वाकणारी तिवरं पाहत राहिलो. मगरिबच्या, दिवस बुडायच्या सुमाराला त्याने एकदम हात वर केला. “गप्प!” मी बोलतच नव्हतो. “आल्या... मास्तर, आल्या.” पाणी अजून बोटभरही चढलेलं दिसत नव्हतं, पण ढोम्या त्याच्या पुढे धावत आल्या होत्या. दोनदा पाग फेकला आणि जाळ्यात चांदीसारखं काही हललं, तेव्हाच होडीखालचा चिखलही सैल झाला.

कालवण त्यानेच केलं. घाईत निम्मं तिखट भांड्याबाहेर सांडलं. भाभींनी एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही दोघे परीक्षेला बसल्यासारखे समोर. “मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. इब्राहिम उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

इब्राहिमचं चाळिसावं झाल्यावर मी भाभींच्या अजमानच्या फ्लॅटवर गेलो. वल्हं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं होतं. दांड्यावर कानाच्या उंचीला एक जागा गुळगुळीत, काळसर झाली आहे. त्याच्या डोक्याच्या तेलाने. मंडळाला ते नावाच्या पाटीसह काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. भाभींनी त्यावर ओला टॉवेल टाकला होता. सून हळूच म्हणाली, “चाचा, अम्मी काही खातच नाहीत. तुम्ही तरी सांगा.”

मी बाजारात गेलो. ढोमी मिळाली, बर्फातली, कुठल्या पाण्यातली देव जाणे. सुनेने कालवण केलं. भाभी ताटाकडे पाहत राहिल्या, मग दाराकडे. शेवटी एक घास घेतला.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

सून बरणी आणायला उठली. मी तिला हाताने थांबवलं. भाभी दुसरा घास कालवत होत्या.