अर्ध्या पोटाचे चार घास

अल्सरमुळे मुंबईच्या इस्पितळात माझं अर्धं पोट कापून काढलं आणि मी लाँचनं मांडव्याला उतरून किहीमच्या घरी परत आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, थोड्या थोड्या वेळानं चारच घास खायचे, उपाशी अजिबात राहायचं नाही. देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, पण आमच्या घरात बायका अजून पुरुषांची पंगत उठल्यावरच जेवत. मी मात्र भात उतरला की ताटली घेऊन चुलीपाशी बसू लागले. सासूबाईंनी भांडी आपटली.

"आपटा खुशाल," मी म्हटलं, "घेरी मला येते, तुम्हाला नाही."

सुक्या बोंबलाच्या वासानं तेवढा जीव कासावीस व्हायचा. मग बोटभर तुकडा निखाऱ्यावर भाजून घ्यायचा आणि इतका वेळ चघळायचा की हावच कंटाळून जायची. दोन-तीन महिन्यांत माझ्या तोंडावर तजेला आला.

एकदा बाहेर पुरुष जेवत होते. वाढून दमलेली माझी धाकटी जाऊ आत आली, माझ्या ताटलीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, त्या ऑपरेशनात फार दुखतं का हो?"