भाऊजींची परखी

२५ नोव्हेंबर, मंगळवार. मुर्रीतल्या आमच्या अंगणात मी नवा तांदूळ निवडत होते आणि परखी खुपसल्याशिवाय जगातली एकही गोष्ट खरी न मानणारा माणूस बायकोला घेऊन समोर बसला होता. हे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी. कुडव्यात यांचा धानाचा व्यापार. परखी, म्हणजे पोतं न उघडता आतला नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी, कायम खिशात. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तर मुलगा पाहण्याआधी यांनी त्या घरातल्या पोत्यांत परखी घातली. लग्नात डोक्यावर पडलेली अक्षत चावून म्हणाले, "जुना हाय." बोदलकशाच्या तलावावर जाताना दर वळणावर गाडी थांबवायचे, "झाडं पाहून येतो." आम्हाला वाटे, काय निसर्गाची आवड!

शेवटी नणंदेनं खरं कारण ओळखून दवाखान्यात नेलं. मी सोबत होतेच. रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "आकडा साध्या वाढीनं, सुजेनंही वाढतो. एमआरआयच्या फोटोत एक जागा संशयाची दिसते. सुईनं तुकडे काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, सांगता येणार नाही."

ती तपासणी उद्या नागपूरला होती आणि आज भाऊजी सांगायला आले होते, "मी नाही जात वहिनी. सुई लावली का रोग पसरते म्हणतेत."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणतेत."

मी सूप खाली ठेवलं. "जन्मभर पोती भोसकत आले तुम्ही. तुमच्या परखीनं एखादं पोतं सडलं काय?"

"कायले सडंन?"

"मग वरून चाचपूनच भाव सांगत जा ना."

"पागल हाय काय मी!" म्हणाले आणि थबकले. नणंद पदरात हसली. मग भाऊजींनी विचारलं, "डॉक्टर एकाच जागचा नमुना घेते काय?"

"नाही. बऱ्याच जागचे."

"मंग माणूस धंद्यातला हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या दोघांना घेऊन नागपूरला निघाले. वाटेत झाडं पाहण्यासाठी थांबत थांबत पोचलो. आत जाताना भाऊजींनी खिशातली परखी माझ्या हातात दिली. "ठेवा. डॉक्टरापाशी त्याची हाय." दारातून पुन्हा वळले. दाण्याबद्दल आजवर कुणाचं मत न विचारलेला माणूस हळूच म्हणाला, "दाणा चांगला निघंन ना वहिनी?"

"आधी काढू तर द्या," मी म्हटलं. दार लागलं. मग मी ती परखी पदरानं पुसली आणि नणंदेजवळ बाकावर बसून राहिले.