कागदावरची अंडी

मुलांनो, पुढच्या महिन्यात माझ्याही पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे आत्ताच लिहिते.

तुमच्या आजोबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातून घरी सोडताना आहाराचा इंग्रजी कागद मिळाला. भोरला आल्यावर तो मीच वाचून दाखवला. मऊ भात, दही वाचलं. रोजची दोन उकडलेली अंडी वगळली. सासूबाई वारल्या होत्या, तरी त्यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात अंडं शिजवायला माझं मन धजलं नाही.

जखम भरेना. ड्रेसिंगला येणाऱ्या उत्रोलीच्या नर्सने विचारलं, "आजी, दोन अंडी देताय न्हवं?"

माझ्याआधी आजोबाच म्हणाले, "देते की. रोज खाऊन कंटाळा आलाय."

दुसऱ्या दिवशी मी अंडं उकडलं. त्यांनी ताटली बाजूला सारली.

ते त्या दुखण्यातून उठलेच नाहीत. कागद माझ्या कपाटात आहे. मला मिळेल तो कागद तुम्ही पूर्ण वाचा.