भत्ता कुणी बंद केला

कपड्यांच्या कारखान्यात कापड कापण्यात तिची निम्मी हयात गेली, म्हणून सगळे तिला कात्रीताई म्हणत. मंदीत मागणी आटली आणि कारखान्याला कुलूप लागलं. सरकारने बेकारांना भत्ता सुरू केला. अट अशी, की दुसरं काम करायचं नाही आणि प्रशिक्षण वर्गाला जायचं. ती जायची, संगणकावर एका बोटाने टकटक करायची.

अचानक भत्ता थांबला. रोजगार कार्यालयातला कारकून मान वर न करता म्हणाला, "तुम्ही घरी कामं घेता, अशी माहिती आलीय."

"कुणी दिली?"

"ते सांगता येत नाही."

झालं, डोक्यात किडा शिरला. वरच्या मजल्यावर जाऊ राहायची. लेकीचा कोट उसवून शिवताना मशीनचा आवाज वर गेला असणार. जाऊ साखर मागायला आली, तरी तिची नजर घरभर फिरतेय असं कात्रीताईला वाटलं. तिने दारातूनच वाटी दिली. पुढे बोलणंच तुटलं.

मग एकदा रोजगार कार्यालयाच्या पाहणीवाल्या बाई आल्या. घराघरांत बेकार किती, ते त्या टिपत होत्या. दाराशी सासूबाई बसल्या होत्या. कात्रीताईने आतून ऐकलं.

"सून काय करते?"

"शिवणकाम. हाताला उसंत नसते तिच्या. मागच्या वेळी सांगितलं की तुम्हाला. आमच्याकडे कुणी बेकार नाही."

 बाई गेल्यावर कात्रीताईने विचारलं, "आई, असं का सांगितलंत?"

"मग काय, सून रिकामी बसलीय म्हणू परक्या बाईला?"

त्यांच्यावर चिडावं कसं, तेच तिला कळेना. ती वर गेली. जावेने दार फटीएवढंच उघडलं.

"माझं चुकलं. भत्ता बंद झाला, तर मी तुझ्यावर संशय घेतला."

जावेने दार पूर्ण उघडलं. म्हणाली, "आमच्या ह्यांचाही बंद झालाय. मला वाटलं, तूच सांगितलंस. त्या दिवशी साखरेच्या निमित्ताने मी बघायलाच आले होते, तुझा चालू आहे का ते."

सासूबाईंनी दोन्ही घरांची अब्रू राखली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी त्यांना कार्यालयात घेऊन गेल्या. सासूबाई जरा कुरकुरत, पण खरं बोलल्या. बऱ्याच खेपांनंतर दोन्ही भत्ते सुरू झाले. पुढे कात्रीताईला एका शिंप्याकडे कामही मिळालं.

त्याच सुमारास टीव्हीवर बेकारी घटल्याची बातमी लागली. जाऊ शेजारीच बसली होती.

"पटतं का गं?" कात्रीताईने विचारलं.

"आधी विचार, दारात कोण बसलं होतं," जाऊ म्हणाली.